मणक्यात स्टिम्युलेटर बसवायचा का? ट्रायलला होकार देण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: आई ६२ वर्षांच्या, राहायला डोंबिवलीत. कमरेची दोन ऑपरेशनं झाली, दुसऱ्या वेळी एल-४ एल-५ (कमरेचा चौथा-पाचवा मणका) मध्ये स्क्रू टाकले. तरी गेली तीन वर्षं डावा पाय मांडीपासून पावलापर्यंत आग मारतो, मधेच करंट बसल्यासारखी कळ जाते. मधुमेह आहे, हृदयात स्टेंट आहे, रक्ताच्या गाठी होऊ न देणारी क्लोपिडोग्रेल ही गोळी चालू आहे. मुंबईतल्या एका पेन स्पेशालिस्टने स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर, म्हणजे मज्जारज्जूजवळ तार ठेवून हलका करंट देणारं मशीन, सुचवलाय. आधी पाच दिवसांची ट्रायल, मग कायमचं मशीन. खर्च लाखांत आहे. मुलगा विचारतोय, हो म्हणावं का?

ट्रायलला हो म्हणता येईल असं हे दुखणं दिसतंय, पण त्याआधी दोन-तीन गोष्टी उरकायच्या राहिल्या आहेत असं वाटतं. कायमच्या मशीनचा विचार आत्ता बाजूला ठेवा. हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि ते एकाच बैठकीत घेतले की घोळ होतो. ट्रायलमध्ये काय मोजायचं हे घरी बसून आधी लिहून ठेवलेलं नसेल, तर पाचव्या दिवशी आईंना 'बरं वाटतंय' असं वाटणार आणि त्या वाटण्यावर लाखो रुपये खर्च होणार.

आधी दुखण्याची जात बघू. स्टिम्युलेटर नसेच्या दुखण्यावर चालतो; सांधा, स्नायू, स्क्रू, झिजलेला मणका यांच्या दुखण्यावर त्याचा भरवसा नाही. नसेचं दुखणं ओळखायला डीएन-४ नावाची दहा गुणांची सोपी तपासणी आहे. सात गोष्टी विचारायच्या: आग होते का, बोचणारी थंडी वाटते का, करंटसारखी कळ येते का, मुंग्या येतात का, टाचण्या टोचल्यासारखं होतं का, बधिरपणा आहे का, खाज येते का. तीन गोष्टी डॉक्टरांनी हाताने तपासायच्या: हलका स्पर्श कमी कळतो का, टोचलेलं कमी कळतं का, आणि ब्रशने किंवा कापसाने नुसतं फिरवलं तरी दुखतं का. दहापैकी चार किंवा जास्त आले तर दुखण्यात नसेचा भाग आहे असं धरतात. आईंना पायावर चादर नकोशी होते का, साडीचा काठ घासला तरी झोंबतं का, हे विचारून बघा. या उत्तराला एमआरआयच्या रिपोर्टइतकंच वजन आहे.

मग जागा. एल-५ ची नस दुखत असेल तर कळ मांडीच्या आणि पोटरीच्या बाहेरच्या बाजूने उतरून पावलाच्या वरच्या भागावर, अंगठ्याकडे जाते, आणि ती एकाच पायात असते. मधुमेहाची आग मात्र दोन्ही तळपायांत, मोजे घातल्यासारखी, बोटांपासून वर चढत जाते. आईंना दोन्ही एकत्र असू शकतं. असं असेल तर कोणतं दुखणं किती, हे वेगळं करूनच पुढे जायचं, कारण तारेचं टोक कुठे ठेवायचं, किती फायद्याची अपेक्षा धरायची, सगळं त्यावर ठरतं. यासाठी नर्व्ह कंडक्शन चाचणी (नसांतून संदेश नीट जातो का हे बघणारी) करून घ्या. आणि बी-१२ तपासा. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी अनेक वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होतं, शाकाहारी घरात तर हमखास बघावं. इंजेक्शनांनी सुधारेल अशा कमतरतेवर मणक्यात मशीन बसवण्यासारखी दुसरी निष्काळजी नाही.

कंबर जास्त दुखते की पाय, हाही प्रश्न सरळ विचारा. 'दोन्ही' हे उत्तर चालणार नाही. शंभर रुपयांचं दुखणं असेल तर कमरेला किती आणि पायाला किती, असं वाटून मागा. पायाला सत्तर-ऐंशी मिळाले तर ही मशीनची केस आहे. कमरेला सत्तर मिळाले आणि ते दुखणं वाकल्यावर, उठताना, कूस बदलताना वाढत असेल, तर आधी स्क्रू ढिला झालाय का, वरचा मणका सरकतोय का, सॅक्रोइलिॲक सांधा (मणक्याचं खालचं टोक कमरेच्या हाडाला मिळतं तो) दुखतोय का, हे शोधावं लागतं. त्यासाठी पुढे-मागे वाकवून काढलेले एक्स-रे, स्क्रूसाठी सीटी स्कॅन, आणि नसेभोवती पुन्हा दाब आहे की ऑपरेशनचा व्रण, हे बघायला कॉन्ट्रास्टचा एमआरआय. चालल्यावर पोटरी भरून येते आणि थांबल्यावर दोन मिनिटांत मोकळी होते, असं काही असेल तर पायाच्या रक्तवाहिन्यांचीही तपासणी करा. मधुमेह आणि स्टेंट असलेल्या माणसात हे विसरून चालत नाही.

गोळ्या खरंच पुरेशा दिल्या गेल्या का? फाइलमध्ये प्रीगॅबलिन हे नसेच्या दुखण्याचं औषध लिहिलेलं असतं, पण बघावं तर रात्री ७५ मिलिग्रॅमची एक गोळी, तीही महिनाभर घेऊन 'चक्कर येते' म्हणून बंद. हे औषध फसलं असं म्हणता येत नाही. हळूहळू वाढवत पुरेशा डोसपर्यंत नेऊन, तिथे चार ते सहा आठवडे थांबून, मग फायदा नाही असं म्हणायचं. प्रीगॅबलिन किंवा गॅबापेंटिन यांपैकी एक, आणि ड्युलोक्सेटिन किंवा नॉर्ट्रिप्टिलिन यांपैकी एक, एवढं तरी झालेलं असावं. हृदयरोग असल्यामुळे नॉर्ट्रिप्टिलिनच्या आधी ईसीजी बघावा. त्याबरोबर नसेच्या मुळाशी एखाददुसरं इंजेक्शन आणि नीट चालवलेली फिजिओथेरपी. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००८ मध्ये जो नियम घातला तो याच बेताचा आहे: उपचार करूनही सहा महिने दुखणं शंभरपैकी पन्नासच्या वर असावं, आणि ट्रायल यशस्वी व्हावी.

आता फायदा किती, हे कोणी गुळगुळीत शब्दांत सांगत असेल तर आकडे मागा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रोसेस नावाच्या चाचणीत कमरेच्या ऑपरेशननंतर पाय दुखत राहिलेले १०० रुग्ण होते. सहा महिन्यांनी पायदुखी निम्म्याने किंवा जास्त कमी झाली असे स्टिम्युलेटरवाल्यांत ४८ टक्के होते आणि फक्त औषधोपचारवाल्यांत ९ टक्के. म्हणजे नीट निवडलेल्या रुग्णांतही निम्म्यांनाच निम्मा आराम. २०२२ मध्ये नॉर्वेतली एक चाचणी आली. ५० रुग्ण, आळीपाळीने मशीन खरोखर चालू आणि गुपचूप बंद. रोजच्या कामातल्या अडचणीत दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही. त्यात वापरलेल्या प्रोग्रॅमवर बरीच टीका झाली आणि ती अगदीच गैरलागू नाही. कमरदुखीवरच्या २०२३ च्या कॉक्रेन आढाव्याचा (सगळ्या चाचण्या एकत्र तपासणारा) सूरही थंडच आहे. माझं मत असं: एकाच पायाची स्पष्ट नसेची आग, सीआरपीएस (इजेनंतर हाता-पायात टिकून राहणारं तीव्र दुखणं), आणि औषधांना न जुमानणारी मधुमेही नसदुखी, यांत मशीनला जागा आहे. नुसत्या कमरदुखीसाठी कोणी सुचवत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मशीन करतं काय? १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत दुखण्याच्या संदेशांना एक फाटक असतं आणि स्पर्शाच्या जाड नसा चेतवल्या की ते फाटक काहीसं बंद होतं. १९६७ मध्ये नॉर्मन शीली यांनी पहिलं यंत्र बसवलं. आजच्या यंत्राचे भाग तेच: मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, मागच्या बाजूला ठेवलेली एक किंवा दोन तारा, साधारण १.३ मिलिमीटर जाडीच्या, प्रत्येकीवर बहुधा आठ इलेक्ट्रोड. तार जागी धरणारा अँकर. आणि कातडीखाली ठेवलेला जनरेटर, ज्यात बॅटरी असते. बाहेर रिमोट आणि चार्जर. जुन्या पद्धतीत ४० ते ६० हर्ट्झचा करंट देतात आणि दुखण्याच्या जागी मुंग्या जाणवतात. १० किलोहर्ट्झच्या किंवा बर्स्ट (करंट थांबून-थांबून, झुपक्यांनी देणाऱ्या) पद्धतीत बहुतेकांना काहीच जाणवत नाही. कोणती चांगली, यावर कंपन्यांचे प्रतिनिधी तासभर बोलतील. तुमच्या डॉक्टरांचा हात कशावर बसलाय आणि त्या कंपनीचा प्रोग्रॅमिंग करणारा माणूस मुंबईत कायम असतो का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मशीन बसवल्यावर पहिल्या सहा महिन्यांत चार-पाच वेळा तरी सेटिंग बदलावं लागतं. दर वेळी बेंगळुरूहून माणूस येणार असेल तर ते सेटिंग होत नाही.

ट्रायलकडे वळू. रुग्ण पालथा, कमरेखाली उशी, सी-आर्म या चालत्या एक्स-रे मशीनखाली जाड टुही सुई, कमरेच्या वरच्या भागातून एपिड्युरल जागेत, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर. त्यातून तार वर सरकवत पायाच्या दुखण्यासाठी छातीच्या आठव्या-नवव्या-दहाव्या मणक्यांच्या पातळीपर्यंत नेतात. म्हणूनच कमरेचा एमआरआय पुरत नाही. छातीच्या मणक्याचाही हवा. तिथे मज्जारज्जूचा मणक्यातला मार्ग अरुंद असेल तर तार ठेवायला जागा नसते आणि मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. हा एमआरआय कोणी सुचवला नसेल तर तुम्हीच विचारा. पूर्ण भूल देत नाहीत, कारण मुंग्यांची पद्धत असेल तर 'आता कुठे जाणवतंय' हे आईंनी सांगायचं असतं. त्या पडद्याआड मराठीतून विचारणारं कोणी असेल ना, हे आधी बघून ठेवा. घाबरलेला माणूस इंग्रजी किंवा हिंदी प्रश्नांना नुसतीच मान हलवतो.

नंतर तारेचं टोक पाठीतून बाहेर, चिकटपट्टीखाली, बाहेरच्या छोट्या मशीनला जोडलेलं. घरी पाच ते सात दिवस. अंघोळ नाही, अंग ओल्या फडक्याने पुसायचं. मुंबईचा घाम हा या दिवसांतला खरा शत्रू आहे: ड्रेसिंगची कड सुटते, तार ओढली जाते, आणि पाचव्या दिवशी जे मोजतोय ते सरकलेल्या तारेचं मोजमाप असतं. निवड असेल तर ट्रायल डिसेंबर-जानेवारीत घ्या. मे महिन्यात घ्यायची असेल तर पंख्याखाली, शक्य असेल तर एसीच्या खोलीत. पहिल्या दिवशी रात्री आणि रोज सकाळी ड्रेसिंगचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवा. ताप, पाठीतून पाणी किंवा पू, मान आखडणं, पायांत नवा अशक्तपणा, लघवी अडणं, यांपैकी काहीही झालं तर वाट बघायची नाही. रक्ताची गाठ मज्जारज्जूवर दाबत असेल तर प्रश्न तासांचा असतो आणि डोंबिवलीहून परळ-दादरला यायला संध्याकाळी दीड-दोन तास सहज जातात. त्यामुळे पहिल्या दोन रात्री हॉस्पिटलच्या जवळच्या नातेवाइकाकडे काढता आल्या तर काढा. उठून बसलं की डोकं भयंकर दुखणं आणि आडवं झालं की थांबणं, हे आवरणाला भोक पडल्याचं लक्षण. ते बहुधा बरं होतं, पण कळवायचं.

कागदाकडे येऊ. ट्रायलच्या आठवडाभर आधीपासून रोज चार ओळी लिहायच्या: सकाळ, दुपार, रात्र दुखणं दहापैकी किती, किती मिनिटं सलग उभं राहता आलं, किती मिनिटं चालता आलं, रात्री किती वेळा जाग आली. शिवाय आईंच्या स्वतःच्या दोन गोष्टी, त्यांनीच निवडलेल्या. एक म्हणजे ओट्याशी उभं राहून किती पोळ्या लाटता येतात. दुसरी म्हणजे स्टेशनचा जिना किती वेळा थांबून चढता येतो, किंवा देवळापर्यंत जाऊन येणं. आज सहा पोळ्यांनंतर बसावं लागत असेल तर बारा झाल्यावरच फायदा झाला म्हणायचं. ही वही ट्रायलमध्येही तशीच चालू ठेवायची, आणि मोजणी कमीत कमी ५० टक्के आरामाची धरायची. तिथे एक बारकावा आहे. पहिले एक-दोन दिवस सुईमुळे पाठ दुखते आणि काही औषधांचाही परिणाम असतो, म्हणून ते आकडे बाजूला ठेवा. तिसऱ्या दिवसापासूनचे धरा. ट्रायलच्या आठवड्यात गोळ्या वाढवायच्याही नाहीत आणि एकदम बंदही करायच्या नाहीत, नाहीतर काय कशामुळे झालं कळणार नाही. तार काढल्यावर दुखणं दोन-तीन दिवसांत परत येतं का, हेही लिहा. परत आलं तर मशीनचाच परिणाम होता असं मानायला बळ मिळतं. निर्णय त्यानंतर, आठवडाभर थांबून. ट्रायलच्या शेवटच्या दिवशी तिथेच सही मागणाऱ्याला नाही म्हणायला लाजू नका.

ट्रायल नकोच, सरळ मशीन बसवू, असंही कोणी सुचवेल. ब्रिटनमधल्या ट्रायल-स्टिम नावाच्या चाचणीत आधी ट्रायल घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांच्या परिणामांत फारसा फरक दिसला नाही हे खरं. पण तिथे खर्च सरकारी आरोग्यसेवेचा. इथे घरातल्या ठेवी मोडायच्या आहेत. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामकानेही सप्टेंबर २०२० मध्ये डॉक्टरांना पत्र लिहून ट्रायल घ्या असंच बजावलं. आपल्याकडे कधी कधी खर्च वाचवायला पहिलीच तार पक्की बसवून तिला तात्पुरती जोडतार लावतात; फायदा झाला तर तीच तार ठेवतात. नवी तार वाचते, पण फायदा झाला नाही तर काढायलाही ऑपरेशन थिएटर लागतं, आणि जंतुसंसर्गाची संधी वाढते. मधुमेह असलेल्या माणसासाठी मी साध्या, ओढून काढता येणाऱ्या तारेकडे झुकेन.

आईंच्या बाबतीत सगळ्यात नाजूक मुद्दा क्लोपिडोग्रेलचा. मणक्यातल्या या कामासाठी ते बहुधा सात दिवस आधी बंद करावं लागतं, आणि तार आत असेपर्यंत सुरू करता येत नाही. हिशेब करा: सात दिवस आधी, पाच दिवस ट्रायल, तार काढल्यावर अर्धा ते एक दिवस. झाले तेरा दिवस. मग कायमच्या मशीनसाठी पुन्हा सात-आठ दिवस. स्टेंट नवा असेल, विशेषतः वर्षही झालं नसेल, तर हा विषय पुढे ढकला. दुखण्याचा उपचार थोडा उशिरा झाला तरी चालेल, पण स्टेंट बंद पडला तर वेळ मिळत नाही. जुना असेल तर हृदयरोगतज्ज्ञांकडून लेखी घ्या: काय बंद, किती दिवस, ॲस्पिरिन चालू ठेवायचं का, पुन्हा केव्हा सुरू. 'फोनवर विचारलंय, चालतंय म्हणाले' यावर काम करू नका. आणि घरच्या कोणी मनानेच गोळ्या बंद करू नयेत.

मधुमेहाचं सोपं आहे, पण टाळाटाळ इथेच होते. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) आठच्या खाली आणल्याशिवाय मशीन बसवू नका. जंतुसंसर्गाचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण ३ ते ६ टक्के दिसतं आणि साखर जास्त असली की धोका वाढतो. एकदा जनरेटरच्या खिशात जंतू शिरले की नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही. जंतू यंत्राच्या पृष्ठभागाला चिकटून थर करतात, म्हणून बहुधा सगळं काढावं लागतं. पैसे गेले, दुखणं तसंच. तंबाखूही विचारा. सिगारेट नाही म्हणतील, पण मशेरी लावत असतील तर ती तंबाखूच. जखम भरायला तिचाही अडथळा होतो. ऑपरेशनच्या किमान महिनाभर आधी बंद. दात किडलेला, नखाची कड पिकलेली, लघवीला जळजळ, यांतलं काहीही आधी निस्तरून घ्या.

मन आणि घर यांची तपासणी सांगितली की लोकांना वाटतं डॉक्टर 'सगळं मनाचं आहे' म्हणतायत. तसं नाही. खोल नैराश्य उपचाराविना असेल तर मशीनचा फायदा टिकत नाही, हे वारंवार दिसलंय; म्हणून आधी त्याचा उपचार. दुसरं, अपेक्षा. आईंना विचारा, मशीन बसवल्यावर काय होईल? 'दुखणं जाईल, गोळ्या बंद होतील' असं उत्तर आलं तर अजून बोलायला हवं. आठवरून चारवर आलं तर ते यश आहे, आणि गोळ्या कमी झाल्या तरी प्रीगॅबलिन आठवड्या-आठवड्याने उतरवायचं असतं, झटक्यात सोडायचं नसतं.

जनरेटर कुठे बसवणार, हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ठरतं आणि पुढची दहा वर्षं सोसावं लागतं. नितंबाचा वरचा भाग किंवा पोटाची बाजू, या नेहमीच्या जागा. आईंना रोज नेसायच्या साडीत किंवा सलवारमध्ये उभं करा, मग बसवा, आणि डॉक्टरांना मार्करने खूण करू द्या. परकराची नाडी बरोबर त्यावर आवळली जाता कामा नये, खुर्चीची पाठ टेकता कामा नये, आणि आई ज्या कुशीवर झोपतात ती बाजू टाळावी. नुसत्या हॉस्पिटलच्या गाऊनमध्ये आडवं झोपवून केलेली खूण बहुतेक वेळा चुकते. उभं राहिलं की चरबी खाली सरकते आणि जनरेटर हाडावर येऊन बसतो. चार्ज होणारा जनरेटर फार खोल बसवला तर चार्जर त्याला पकडत नाही, फार वर बसवला तर कातडीला घासतो.

चार्ज होणारी बॅटरी की न होणारी? चार्ज होणारी बहुधा नऊ-दहा वर्षं किंवा जास्त चालते. न होणारी किती चालेल ते करंटवर अवलंबून, अनेकदा तीन ते पाच वर्षांत नवा जनरेटर, म्हणजे पुन्हा ऑपरेशन आणि पुन्हा खर्च. पण चार्ज करणं हे रोजचं किंवा आठवड्याचं काम आहे. पट्टा बरोबर जागी बांधायचा, अर्धा-पाऊण तास ते काही वेळा त्याहून जास्त बसायचं. चार्जर गरम होतो. बधीर कातडीला ते कळत नाही, म्हणून पातळ सुती कापडावरून लावा आणि लावून झोपू नका. आई हे एकट्या करू शकतील का, की रोज सुनेवर येईल? त्या 'ते मशीन-बिशीन मला नाही जमत' म्हणत असतील तर न चार्ज होणाऱ्या बॅटरीचा जास्त खर्चही परवडतो, कारण कपाटात पडलेला चार्जर सगळ्यात महाग पडतो. गणपतीला कोकणात जाणार असाल तर निघण्याआधी पूर्ण चार्ज करून, चार्जर आणि रिमोट हातातल्या पिशवीत. पावसात चार-चार तास लाइट जाते. बॅटरी वारंवार पूर्ण उतरू देऊ नका.

तार सरकणं ही यंत्राची सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार, आणि ती बहुतेक पहिल्या दोन-तीन महिन्यांत, तारेभोवती ऊतींची पकड बसायच्या आत होते. म्हणून सहा ते आठ आठवडे कमरेत वाकणं, पिळणं, हात डोक्यावर नेणं, दोन-तीन किलोंहून जास्त उचलणं बंद. व्यवहारात याचा अर्थ: पाण्याची बादली नाही, माळ्यावरचा डबा नाही, केर काढणं नाही, खाली मांडी घालून जेवणं नाही, भारतीय संडास शक्यतो नाही, आणि लोकलचं हँडल धरून लोंबकळत उभं राहणं तर मुळीच नाही. मुंग्या अचानक पोटात, बरगडीत किंवा दुसऱ्या पायात जाणवू लागल्या तर तार हलली असं समजा. आधी एक्स-रे काढून ऑपरेशनच्या वेळच्या एक्स-रेशी ताडून बघतात; थोडी हलली असेल तर दुसऱ्या इलेक्ट्रोडवर प्रोग्रॅम नेऊन भागतं, जास्त हलली तर पुन्हा ऑपरेशन. एक्स-रेची ती पहिली प्रत म्हणून जपून ठेवायची. आणि मुंग्या आडवं झाल्यावर जोरात जाणवल्या तर घाबरू नका. पाठीवर झोपलं की मज्जारज्जू तारेच्या जवळ येतो. झोपण्याआधी रिमोटवर करंट थोडा कमी करायचा.

फिजिओथेरपीबद्दल हे ठळक लिहून फ्रिजवर लावा: शॉर्टवेव्ह डायथर्मी कधीही नाही, शरीराच्या कोणत्याही भागावर नाही, मशीन बंद असलं तरी नाही. गल्लोगल्लीच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये गुडघ्याला किंवा खांद्याला शेक म्हणून 'एसडब्ल्यूडी' सहज लावतात. ती ऊर्जा तारेतून जाऊन मज्जारज्जूजवळ ऊती भाजू शकते. मायक्रोवेव्ह आणि अल्ट्रासाउंडचा शेकही टाळा. पोटाची तपासणीची सोनोग्राफी वेगळी, ती चालते. पुढे कुठलंही ऑपरेशन निघालं तर सर्जनला आधी सांगायचं, कारण मोनोपोलर कॉटरी (रक्तस्राव थांबवायला विजेने डागणं, ज्यात करंट अंगातून जातो) शक्यतो टाळतात.

एमआरआय हा स्टेंट, मधुमेह आणि स्क्रू असलेल्या माणसाच्या आयुष्यात पुन्हा येणारच. 'एमआरआय चालतो' एवढ्यावर समाधान मानू नका. कोणत्या ताकदीच्या मशीनमध्ये, शरीराच्या कोणत्या भागाचा, तार आणि जनरेटर दोन्ही त्याच कंपनीचे असतील तरच का, हे मॉडेलनिहाय असतं. एमआरआयच्या दिवशी आधी मशीन एमआरआय मोडमध्ये टाकावं लागतं आणि इम्पिडन्स (तारेतला विजेचा अडथळा) तपासावा लागतो. एखादी तार तुटलेली असेल तर परवानगी मिळत नाही. यंत्र काढताना तारेचा तुकडा आत राहिला तरी पुढच्या एमआरआयची अडचण होते.

मॉलच्या, मेट्रोच्या आणि विमानतळाच्या दारातल्या मेटल डिटेक्टरला कार्ड दाखवून हाताने तपासणी मागा. जावंच लागलं तर मशीन बंद करून, न थांबता मधोमध चालत जा. मुंग्यांच्या पद्धतीत गाडी चालवताना मशीन बंद ठेवायचं असतं. आई चालवत नसतील तर प्रश्न नाही.

पैशांचं. एकरकमी अंदाज घेऊ नका, तोडून मागा: ट्रायलची तार आणि थिएटर, कायमची तार, जनरेटर, रिमोट-चार्जर, राहण्याचे दिवस, प्रोग्रॅमिंगच्या भेटी, आणि बॅटरी बदलायची वेळ आली तर आजच्या भावाने किती. ट्रायल फसली तर यातलं काय परत मिळतं आणि काय नाही, तेही. विम्याला ट्रायल आणि मशीन दोन्हींसाठी आधी लेखी मंजुरी मागा. विमा नियामकाने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची जी बारा नावांची यादी दिली, त्यात मेंदूतलं डीप ब्रेन स्टिम्युलेशन आहे, मणक्यातल्या स्टिम्युलेटरचं नाव नाही. त्यामुळे टीपीएच्या (विम्याचे दावे तपासणारी मधली कंपनी) टेबलावर दोन्हींची गल्लत होते, कधी तुमच्या बाजूने, बहुधा विरुद्ध. डॉक्टरांच्या पत्रात निदान, आजवरचे उपचार तारखांसह, आणि ट्रायलमधले आकडे असले तर बोलायला काहीतरी हातात असतं. तुमची ती पोळ्यांची वही इथेही उपयोगी पडते.

दुसरं मत अशा डॉक्टरांकडून घ्या ज्यांना हे मशीन बसवून काही मिळणार नाही. परळला केईएम किंवा टाटा रुग्णालयात पेन क्लिनिक चालतात; टाटात मुख्यतः कॅन्सरचे रुग्ण असतात, म्हणून आईंसाठी केईएम जास्त योग्य. सकाळी लवकर जा, सगळ्या एमआरआयच्या सीडी आणि दोन्ही ऑपरेशनचे कागद घेऊन. नुसत्या रिपोर्टवर मत मागू नका. आणि मशीन बसलंच, तर जनरेटर आणि तार दोन्हींचे मॉडेल व सिरियल नंबर असलेलं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या, त्याचा फोटो घरातल्या तिघांच्या फोनमध्ये ठेवा, आणि मूळ कार्ड आईंच्या पर्समध्ये.